आबासाहेबांबद्दलचं एक वाक्य

शनिवार, संध्याकाळ. इंदिरानगर.

उद्या कळवणला आबासाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण, आणि बोलणार मी. आबासाहेब म्हणजे इंग्रजांच्या काळात शेतकऱ्यांनी प्रांतिक कौन्सिलात पाठवलेला माणूस. भाषणात एक वाक्य आहे: तेव्हा मत शेतसारा भरणाऱ्यांनाच होतं, आणि शेतमजुरांना ते मिळावं म्हणून आबासाहेब कधी बोलले नाहीत. कॉलेज न पाहिलेल्या मी कौन्सिलमधली त्यांची सगळी भाषणं वाचलीत. चूक दाखवा!

भाषणाची प्रत आधीच कळवणला पाठवली होती. दुपारी आबासाहेबांच्या नातवाचा फोन. "काका, तेवढं वाक्य गाळा. पोरं लय तापट हायेत, मी कोणाकोणाला आवरू?" गोड बोलला, म्हणून जास्तच घाबरलो. गाळू का? एकच तर वाक्य...

ठेवलं. बायकोला मात्र म्हणालो, तू येऊ नकोस.

"का? साडीला इस्त्री केलीय मी."

ऊन फार असतं तिकडे, म्हणालो.