करामतभाईंचा न उमटलेला ठसा

प्रति,
मा. निवृत्तिवेतन अधिकारी,
पूर्णामाई सूतगिरणी सेवानिवृत्ती निधी,
मुख्य कार्यालय, नागपूर.
(रायपूर शाखा, शंकर नगर यांच्यामार्फत)

विषय : शेख करामत शेख मदार, सेवानिवृत्त मुकादम, यांचा मंजूर झालेला हयातीचा दाखला रद्द करून नामंजूर झालेला दाखला मंजूर करणेबाबत.

संदर्भ : रायपूर शाखेचा पहिला शेरा, "पेन्शनर भानावर नाही", व दुसरा शेरा, "पेन्शनर भानावर आहे".

महोदय,

अर्जदार श्यामराव ढोमणे हा गिरणीच्या गोल बाजारातील सूत विक्री डेपोचा सेवानिवृत्त लिपिक असून उपरोक्त करामतभाई त्याच डेपोत मुकादम होते. दोघेही मूळचे अकोल्याकडचे आणि रायपुरात एकाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, भिंतीला भिंत लावून राहणारे. विषय वाचून अर्जदाराचे डोके फिरले असावे, असे आपणांस वाटेल. तसा शेरा बेलाशक मारावा, आपल्या कार्यालयास सराव आहे.

१. करामतभाईंना गेल्या उन्हाळ्यात लकवा मारला. उजवे अंग गेले, वाचा गेली, राहिला तो डावा हात. अजानमध्ये पैगंबरसाहेबांचे नाव आले, की अंगठ्याचे नख ओठांना लावायचे आणि मग डोळ्यांना, हा त्यांचा जन्माचा रिवाज. पूर्वी दोन्ही अंगठे लावीत, आता एकाच हातावर भागवतात. डेपोत सुताची गाठोडी मोजत असले तरी ते हातातले खाली ठेवून एवढे करीत. गिऱ्हाईक थांबे आणि अर्जदारही थांबे. एकदा अर्जदाराने कारण विचारले, तर म्हणाले, "नाव आलं ना भाऊ, मंग हात खाली कसा राहीन?"

२. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी शाखेचे श्री. शिरीष देवपुजारी घरी आले. राज्य नवे, राजधानी नवी, शाखा नवी आणि साहेबही नवेच. करामतभाई पूर्वी झोकदार मराठी सही करीत, आता ती होत नाही, म्हणून साहेबांनी स्वतःच त्यांचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. नेमकी तेव्हाच कोपऱ्यावरच्या मशिदीत असरची, म्हणजे दुपार उलटल्यावरची, अजान सुरू झाली. नाव आले. अंगठा कागदाकडे न जाता ओठांवर गेला, मग एका पापणीवर, मग दुसरीवर. तोंड निळे झाले, डोळे निळे झाले. साहेब ओरडले, "अरे, शाई खाऊन राहिले हे!" करामतभाईंच्या पत्नी सुगराबी पदर सावरत म्हणाल्या, "स्याही नहीं खा रहे साहब, नबी का नाम आया न, चूम रहे हैं." अर्जदारानेही विनविले, "साहेब, जरा थांबा, अजान होऊन जाऊ द्या, मंग देतील ते ठसा." साहेबांना पुढच्या पेन्शनरचे घर गाठायचे होते. त्यांनी उभ्या उभ्याच पहिला शेरा लिहिला.

३. निघण्याच्या घाईत साहेबांचा पाय त्यांच्याच फाइलींच्या पिशवीला लागला. त्यांनी लगेच वाकून पिशवीला हात लावला व तो हात स्वतःच्या डोळ्यांना लावला. अर्जदाराला त्या क्षणी साहेब आपले वाटले. विद्येला पाय लागला तर अर्जदारही तेच करतो. फरक एवढाच, की साहेबांच्या भानाविषयी कोणी काही लिहिले नाही.

४. अर्जदाराने लेखी हरकत घेतली. शाखेने वैद्यकीय दाखला मागितला. समता कॉलनीतील डॉक्टरांनी तपासून लिहून दिले, की रुग्णास ऐकू येते व समजते. शाखेने कळविले, की समजत असते तर त्यांनी ठसा दिला असता. अर्जदाराने पुन्हा लिहिले, की अंगठा फक्त नावाला उठतो, अजानच्या बाकी शब्दांना जागचा हलत नाही. ज्याला भान नाही त्याला नाव कसे ओळखू येईल? यावर, सदर कृत्य धर्माने सक्तीचे आहे काय, याचा दाखला आणण्याचा हुकूम झाला. अर्जदार मशिदीत गेला. इमामसाहेब सच्चे निघाले आणि तेच नडले. म्हणाले, "ढोमणेजी, लाज़िम नहीं है. कोई न करे तो गुनाह नहीं. ये तो मोहब्बत की बात है." आणि तसेच लिहून दिले. शाखेचा निष्कर्ष असा आला : सक्ती नसलेले कृत्य ऐन कार्यालयीन कामाच्या वेळी करणे हे भान नसल्याचेच लक्षण होय. म्हणजे प्रेम जर सक्तीचे असते तर करामतभाई शहाणे ठरले असते. अर्जदाराने आयुष्यभर आपल्या गिरणीची टिपणे लिहिली, पण असे वाक्य त्याच्या हातून कधी उतरले नाही, हे तो नम्रपणे नमूद करतो.

५. शेवटी फेरतपासणी ठरली. वेळ साहेबांच्या सोयीने पुन्हा दुपार उलटल्यानंतरचीच. तोवर घर धास्तावले होते. पेन्शन थांबलेली, त्यात नवऱ्याला वेडा ठरवून पालक नेमण्याची भाषा सुगराबींच्या कानी आलेली. साहेबांची मोटरसायकल दाराशी थांबताच त्यांनी करामतभाईंच्या कानाशी तोंड नेले. अर्जदार शेजारीच होता, त्याने ऐकले. "सुनो जी, आज नाम आए तो हाथ मत उठाना. साहब फिर लिख देंगे." करामतभाईंनी त्यांच्याकडे पाहिले. सगळे समजले त्यांना. अजान झाली, नाव आले, पुन्हा आले. शाई लावलेला अंगठा चादरीवर तसाच पडून राहिला. डोळ्यांतून मात्र पाणी आले आणि ते पुसायला हात उठला नाही. साहेबांनी अंगठा धरून कागदावर टेकवला. ठसा सुरेख उमटला. दुसरा शेरा पडला, "पेन्शनर भानावर आहे, सहकार्य समाधानकारक".

६. पेन्शन सुरू झाली, त्याबद्दल आभार. परंतु त्या दिवसापासून अजान सुरू झाली, की करामतभाई आधी दाराकडे पाहतात आणि डावा हात रजईखाली सरकवतात. सुगराबी दार लावतात, हात जोडतात, रडतात, "अब कोई नहीं है, उठाओ न जी," म्हणतात. तो हात बाहेर येत नाही. लकव्याने जे ठेवले होते ते आपल्या कार्यालयाने नेले, आणि वर सहकार्य समाधानकारक म्हणून लिहिले. अर्जदाराला याचा संताप येतो.

७. सबब विनंती अशी, की दुसरा दाखला खोटा समजून रद्द व्हावा, कारण त्या दिवशी भीती तेवढी भानावर होती. पहिला दाखला खरा धरून मंजूर व्हावा. तसेच श्री. देवपुजारी साहेबांनी एकवार असरच्या वेळी यावे. पॅड आणू नये, कागद आणू नये. फक्त खाटेजवळ बसून, करामतभाईंना ऐकू जाईल अशा आवाजात, "चाचा, हात उचला" एवढे सांगावे. अर्जदाराने सांगून पाहिले. त्याच्या शब्दाला शिक्का नाही, म्हणून ते ऐकत नाहीत.

उत्तराची वाट पाहणारा, नम्रता अजून थोडी शिल्लक असलेला,

श्यामराव गणपतराव ढोमणे
सेवानिवृत्त लिपिक
रायपूर, ११ फेब्रुवारी २००८

सोबत : पहिल्या भेटीच्या वेळी सुगराबींनी करामतभाईंचे ओठ व डोळे ज्याने पुसले, ते फडके. निळे डाग शाईचे आहेत. ठसा म्हणून हेच जोडले आहे. पाहून झाल्यावर परत पाठवावे, सुगराबींनी ते धुतलेले नाही.