नाक सुकलं तर रुई

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसलेय. दवाखान्याच्या बाकड्यावर आहे. आत माझ्या लेकीला सलाईन लावलंय. तिचा उजवा डोळा सुजून पार बंद झालाय, आणि डोळा वाचेल ना, याचं धड उत्तर मला कुणी देत नाही.

आपल्या गल्लीत नाक गळणं ही काय सांगायची गोष्ट होती? दिवसभर मागांचा खडखडाट, हवेत रुई आणि घरोघरी शिंका. तू स्वतः मागावर उभी राहून पदराने नाक पुसायचीस आणि आमच्या नाकांचा निकाल लावायचीस. "निंबोल्याला मामाकडे जाऊन या. नाक सुकलं तर रुई, नाही सुकलं तर बीमारी." आणि खरंच, मामाच्या केळीच्या बागेत माझं नाक कोरडं ठणठणीत व्हायचं. तुझा शब्द कधी खोटा पडला नाही, तिथेच मी फसले.

लेकीलाही मी तिथेच नेलं. शिंका थांबल्या, डोळ्यांची खाज गेली, पाण्यासारखं गळणं बंद झालं. मामी म्हणाली, "बघ, झाली ना ठीक पोरगी!" मी सुटकेचा श्वास सोडला. पोर सांगत होती, वाकलं की गाल ठणकतो. एका नाकपुडीतून घट्ट पिवळं येत होतं, त्याला घाण वास होता. मी म्हटलं, उरलीसुरली सर्दी पिकलीय, निघू दे. ओव्याची पुरचुंडी गरम करून तिच्या गालावर शेकत बसले. शेकत बसले गं मी!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छींका रुईच्याच होत्या, ताई. पण गालाच्या सायनसमध्ये पू झाला, डोळ्याकडे पसरला, ते अलग. दोन्ही एकदमच होतं कधी कधी. गाल दुखत होता तेव्हाच आणायचं ना." आता संध्याकाळपर्यंत सूज उतरते का बघायचं, नाहीतर ऑपरेशन. तोवर मी काय करू? सांग ना, काय करू?

तू उत्तर देणार नाहीस आणि हे लिहिलेलं मी कुठे पाठवणारही नाही. चूक तुझी नव्हती, आई, मला ठाऊक आहे. पण ती तुझ्यावर ढकलली की तेवढा वेळ तरी मला इथे बसवतं.