बाळसं

६ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरीनं आज शाळेची वही मधोमध फाडून अर्धी मला दिली. म्हणाली, "आजी, तू लिहीत जा. तेवढा वेळ तरी बोलणार नाहीस." नात आहे का सवत!

लिहिते. शाळा माझी धड चार यत्तासुद्धा नाही. अक्षर बघून कार्टी म्हणते, "मुंग्या बऱ्या यापेक्षा."

आम्ही दोघी दवाखान्यामागच्या लांबलचक खोलीत राहतो. बाहेरगावच्यांसाठी आहे ती. खाटांची रांग, आणि खाटेखाली ज्याचा त्याचा संसार. भिंगरीच्या डोक्यातली गाठ कापून काढली, उरलीसुरली मरावी म्हणून आता मशीनचा शेक द्यायचा. बाप गवंडी, काम सोडता येत नाही. आईच्या अंगावर तान्हं. उरलं कोण? म्हातारी. म्हातारीला काय, उचलली की कुठंही ठेवता येते.

७ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाई विचारत होत्या, इतका उशीर का केला? म्हटलं, उशीर आम्ही नाही केला, वाटेत तुमचीच माणसं भेटत गेली! सकाळी उठली की उलटी, तर जंताचं औषध. मग पित्ताचं. मग डोळा तिरपा झाला तर चष्मा. चष्मा लावून पोरगी भिंतीवर आपटायला लागली, तेव्हा कुणाला तरी सुचलं, डोक्याचा फोटो काढा म्हणून. डोकं सोडून सगळ्याला औषध झालं होतं.

बाई हसल्या नाहीत. "आजी, इथं येणारं प्रत्येक पोर असंच फिरून येतं," म्हणाल्या. "आणि जी वाटेतच राहतात, ती आम्हाला दिसतच नाहीत."

मला गप्प करते म्हणजे बाई हुशार.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मुखवटा केला. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करतात, चेहऱ्यावर दाबतात, गार झाली की तोंडाचा साचा तयार! शेक देताना तो तोंडावर चढवून टेबलाला आवळून टाकतात. हलायचं नाही. आत दुसरं कुणी थांबायचं नाही.

लहान पोरांना खरं तर भूल देऊन निजवतात. पण भूल देणारा डॉक्टर सगळ्या दवाखान्याला मिळून एक. त्याची वाट बघत बसलेली पोरं खिडकीपर्यंत रांगेत. जे पोर आपलं आपण गप पडेल त्याला आधी घेतात.

भिंगरी आणि गप!

१२ फेब्रुवारी, सोमवार

पहिला शेक. आत किंचाळली. मुखवटा काढा, घरी न्या, आजी दुष्ट आहे — सगळं ऐकलं बाहेर. मशीनवाली पोरगी रडवेली. तिच्यापुढं बोलायचा माईक असतो, आत ऐकू जातं. म्हटलं, सरक. आणि माईकवर ओरडले, "ए भवाने, मुडद्यासारखी पड! हललीस तर पुन्हा पहिल्यापासून!"

मशीनवाली दचकली. "आजी, असं बोलतात का आजारी मुलीला?"

पण आतली पडली की मुडद्यासारखी! गोड बोलले असते तर घाबरली असती. आजी शिव्या घालतेय म्हणजे सगळं ठीक चाललंय, एवढं तिला कळतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज शिव्या कमी पडल्या म्हणून तक्रार! "कालच्याएवढ्या घाल," म्हणाली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पोरगी खायला लागलीय! पाव, अंडी, केळी, माझ्या ताटातलं, शेजारणीच्या ताटातलं. "अजून आहे का" एवढं एकच येतं तोंडात. उलटी नाही. गाल कसे गरगरीत झालेत, हनुवटी आत गेली. मला तर डोळ्यांत साठवावं असं वाटलं — तिला नाही सांगितलं, डोक्यावर बसेल. वर केस नाहीत, बसायला जागाच जागा.

माझ्या फोनवर तिनंच स्वतःचा फोटो काढला. घरी धाडला. खाली मी बोलून धाडलं, "बघा रे, म्हातारीच्या हातचं बाळसं! तुमच्या घरात दीड वर्षात आलं नव्हतं." सूनबाईला टोमणा बसला तर बसू दे.

लेकाचा लगेच फोन. हसत होता. कधीपासून ऐकला नव्हता त्याचा हसण्याचा आवाज.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

मुखवटा बसेना. गाल मावेनात. डॉक्टरीणबाईंना मी ऐटीत म्हटलं, "बाळसं धरलंय हो."

बाई म्हणाल्या, "आजी, हे बाळसं नाही. मेंदूची सूज उतरावी म्हणून गोळ्या दिल्यात, त्यानं तोंड सुजतं आणि भूक लागते. गोळ्या थांबल्या की जाईल."

म्हणजे आतली सूज बाहेर आणून ठेवली आणि मी तिची दृष्ट काढायची बाकी ठेवली होती! नवा मुखवटा केला. भिंगरी म्हणते, "आता माझी दोन तोंडं. तुझ्यासारखी."

१९ फेब्रुवारी, सोमवार

मशीन बंद. कसला तरी भाग जळला, तो परदेशातून येणार. कधी? मशीनवालीनं वर बोट केलं. देवाकडं की साहेबाकडं, कळलं नाही.

अख्ख्या मुलखात शेकाचं मशीन हे एकच. डॉक्टरीणबाई खाटेखाटेला सांगत फिरतायत, "जाऊ नका. खंड पडला की गाठ परत डोकं वर काढते." लोक मान हलवतात आणि बोचकी बांधतात. त्यांचंही खरं. नुसतं किती दिवस बसून खायचं?

२२ फेब्रुवारी, गुरुवार

लेक आला. भिंगरीला बघून खालीच बसला. गाल धरून बघतोय, दाबून बघतोय. "आई, ही तर बरी झाली गं!"

सांगितलं, गोळ्यांची सूज आहे ती.

"तूच म्हणालीस ना, बाळसं धरलंय म्हणून?"

माझेच दात, माझेच ओठ.

म्हणाला, मशीन चालू होईपर्यंत घरी नेतो, आईला भेटेल, फोन केलास की आणून सोडतो. भिंगरी तर चपला घालून तयार. मी मागे राहिले. दोघी गेलो तर खाट जाते, खाट गेली की मुक्काम गेला. खाट धरून बसलेय.

जाताना म्हणाली, "आजी, शिव्या साठवून ठेव."

२५ फेब्रुवारी, रविवार

खोलीत आता बोलायला कुणी नाही. खाटेशी भांडून बघितलं. मजा नाही.

१ मार्च, शुक्रवार

मशीन चालू! मशीनवाली पळत सांगायला आली. लगेच लेकाला फोन लावला.

"आणतो गं," म्हणाला. मग हळूच, "आई, खातेय, खेळतेय, बरी आहे की. सगळे तेच म्हणतात. चांगल्या पोरीला कशाला पुन्हा भाजायचं?"

म्हटलं, भिंत अर्धी बांधून कधी उतरलास का रे थापी घेऊन?

"भिंतीला दुखत नाही आई." फोन ठेवला.

वाईट नाही माझा पोरगा. तिची किंचाळी त्याला घरात बसूनही ऐकू येते, एवढंच.

३ मार्च, रविवार

त्याचा फोन बंद. उद्या पहिल्या बसनं जाते. खाट गेली तर गेली. पोरीला पाठीवर टाकून आणीन. बापाला आडवं यायचं तर येऊ दे, त्यालाही मीच पाठीवर वागवलाय.

४ मार्च, सोमवार

पिशवी घेऊन उठले तर दारात सूनबाई. कडेवर तान्हं, हाताला भिंगरी. घरात कधी माझ्यापुढं मान वर केली नाही, ती आज माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "आई, परवापासून सकाळी उलटी होतेय. यांना सांगितलं नाही. न सांगताच रात्रीच्या गाडीनं निघाले."

भिंगरी भिंत धरून उभी होती. म्हटलं, चपला काढू नका कुणी. चला मशीनवर.