चाकाखालचं लिंबू

हॅना सिस्टर,
मानकोलीच्या कमळाचा नमस्कार.

तुमच्या मिशनची व्हीलचेअर घरी आली तेव्हा करिष्माचे बाबा म्हणाले होते, "फुकट कोण काय देत न्हाय. उद्या धर्म बदलायला सांगतील." मी खुर्ची ठेवून घेतली. एकोणीस वर्षांच्या पोरीला उचलून कंबर माझी गेली होती, त्यांची नव्हे.

दसऱ्याला आम्ही यांच्या टेम्पोबरोबर तुमच्या खुर्चीचीही पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. तेवढ्यात तुम्हीच दारात! तुमच्या गळ्यातला क्रूस बघून वाटलं, आता रागावतील आणि खुर्ची परत नेतील. तुम्ही वाकून ब्रेक सोडलात आणि मोडक्या मराठीत करिष्माला म्हणालात, "चल, लिंबू फोड." तिने चाक फिरवलं, लिंबू फुटलं, आणि सगळ्यात मोठ्याने तिचे बाबाच हसले. दारापुढचा उतार त्यांनी त्याच आठवड्यात बांधला.

मग तुम्ही तुमच्या देशी गेलात. काल करिष्मा एकटीच मैत्रिणीकडे गेली, ती दिवेलागण झाली तरी आली नाही. आल्यावर मी दारातच ओरडले, "ही काय घरी यायची वेळ हाय?" तिला असं ओरडायला मला जन्मात पहिल्यांदा मिळालं, सिस्टर.

तुम्हाला हे कळवायचं तर इंग्रजी करिष्माकडूनच लिहून घ्यावं लागेल. मग ओरडताना मी किती खूश होते ते तिला कळेल, आणि बया रोज उशिरा येईल. म्हणून हे पत्र तांदळाच्या डब्यातच राहू दे.

तुमची,
कमळा