तुझी ती मोठी विंग

साउथहॅम्प्टन
१७ जून २००७

प्रिय अवधूत,

पत्राला मायना हवाच, ही शाळेतल्या बाईंनी लावलेली सवय. वरचा शब्द तेवढ्यापुरता आहे. पुढे काही गोड वाचायला मिळेल अशी आशा धरू नकोस. हिवाळ्यात आपलं नातं संपलं, तेव्हाही मी तुला चार ओळी लिहिल्या नव्हत्या. आज लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

आधी मिलिंदची बातमी. तू विचारलेली नाहीस, तरी सांगते. मांडीचं ऑपरेशन नीट झालं. वॉकर धरून तो बाथरूमपर्यंत जातो, नर्सना जोक सांगतो, बायकोने, निधीने, घरून आणलेला वरणभात खातो. हाडं जुळतील असं डॉक्टर म्हणतात. जुळत नाहीये ते डोक्यातलं. दिवसभर तो रेस ट्रॅकवरच्या त्या एका वळणावरच असतो, जिथे तुझी गाडी त्याच्या हातून आदळली. ब्रेक उशिरा मारला का, स्टीअरिंग जास्त वळवलं का, आपण घाबरलो का. घरची गाडीसुद्धा विकून टाक, असं त्याने निधीला सांगितलंय. मी चालवत असलेल्या गाडीत आता पोरीला बसवायचं नाही, म्हणतो. आणि हा तो माणूस आहे, जो मी पहिल्यांदा या देशात उतरले तेव्हा मला घ्यायला हीथ्रोला आला होता आणि मोटरवेवर एकदाही लिमिट न ओलांडता मँचेस्टरपर्यंत घेऊन गेला होता. तू मागे बसून त्याला आजोबा म्हणत होतास.

त्या वळणावर काय झालं ते तुला माहीत आहे आणि मलाही. चाकं वळलेली होती आणि गाडी सरळ गेली. तिथे उभ्या असलेल्या ट्रॅकच्या मार्शलनेही हेच सांगितलं. थेट टायरच्या भिंतीत. आणि मी तुला फोन करून ही बातमी दिली, तेव्हा तुझा पहिला प्रश्न काय होता, आठवतं? विंग वाचली का? वाचली, बाबा. गाडीचं नाक चेपलं, माणूस मोडला, तुझी कार्बनची विंग मागे तशीच्या तशी उभी होती. दुसऱ्या दिवशी येऊन तू ती काढून नेलीस. त्याच शहरात आला होतास, हॉस्पिटलला मात्र तुला वेळ झाला नाही.

गेल्या सप्टेंबरचा तो जुना एअरफील्ड तू विसरलास का? मी विसरलेले नाही. गाडीच्या मागे बसवून हवेच्या दाबाने मागची चाकं रस्त्याला चिकटवणाऱ्या तीन विंगा घेऊन गेलो होतो आपण. मी म्हटलं होतं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, टायरमधली हवा तीच, पेट्रोल तेवढंच, आणि वारा फसवू नये म्हणून प्रत्येक फेरी दोन्ही दिशांनी. तू कंटाळलास. मला मास्तरीण म्हणालास. तरी मी विंगेच्या पोटाला लोकरीचे तुकडे चिकटवले, मागच्या काचेतून कॅमकॉर्डर लावला. पहिल्या, ऑनलाइन लिलावातून आणलेल्या विंगेखाली लोकर वेड्यासारखी फडफडत होती, म्हणजे हवा तिला धरून राहतच नव्हती. ती नुसती शोभेची. दुसरी, मधली, छताच्या कडेला बसवलेली. तिच्यावर लोकर गपगुमान पडून राहिली. गाडी मागे थोडी बसली आणि पुढेही नीट राहिली. माझं मत तिथेच ठरलं होतं.

पण तुला तिसरी हवी होती. बंपरच्याही मागे उंच खांबांवर उभी, दोन्ही बाजूंना गाडीच्या बाहेर डोकावणारी. नाकापेक्षा मोती जड. लोकर तिच्यावरही छान पडून राहिली, ते बघून तू टाळ्या पिटल्यास. मागचा टायर रस्त्याला चिकटतोय, आता कुठलंही वळण फुल स्पीडने, असं ओरडलास. मी तुला पुढचं चाक बघायला लावलं. चाकाच्या वर, गाडीच्या अंगाला पुठ्ठा लावला होता आणि सस्पेन्शनच्या दांड्याला पेन्सिल बांधली होती. वेग वाढला की रेघ खाली सरकत होती, म्हणजे गाडीचं नाक वर उठत होतं. मी पेन्सिल सोडून परत बांधली, परत फेरी मारायला लावली. तेच. सीसॉच्या एका टोकावर जाडा मुलगा बसला की दुसऱ्याचे पाय सुटतात, इतकी साधी गोष्ट. आणि तुझी गाडी पुढच्याच चाकांवर ओढली जाते, पुढच्याच चाकांवर वळते; त्यांची पकड सुटली की ती सरळच जाणार. मी स्पष्ट सांगितलं होतं, एकतर नाकाखाली स्प्लिटरची सपाट फळी लाव म्हणजे पुढेही दाब येईल, नाहीतर विंगेचा कोन जवळजवळ सपाट कर. दोन्ही जमत नसेल तर मधली लाव.

तू काय केलंस? स्प्लिटर लावला तर घराजवळच्या स्पीड हंपवर घासेल, म्हणून तो नाही. कोन सपाट केला तर फोटोत विंग उठून दिसत नाही, म्हणून तोही नाही. स्वतः चालवताना वेगवान वळणाच्या कितीतरी आधी अॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचास, हे मी बाजूला बसून पाहिलंय. तुला ठाऊक होतं. आणि पैसे भरून रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या त्या ट्रॅक डेच्या सकाळी ऑफिसचं काम निघालं, तेव्हा तुझा बुक केलेला दिवस फुकट जाऊ नये म्हणून तू किल्ली मिलिंदच्या हातात दिलीस. त्याने विचारलं होतं, ही एवढी मोठी विंग ठीक आहे ना. डोन्ट वरी, नीनाने प्रॉपर टेस्ट केलीय, डोळे झाकून चालव, असं म्हणालास. माझं नाव घेतलंस, अवधूत. जी विंग मी नाकारली, तिच्यावर माझ्या नावाचा शिक्का मारून तू त्याला त्या वळणावर पाठवलंस. आपण वेगळे झालो तेव्हा मी रडले होते. आता त्या रडण्याचीही मला लाज वाटते.

वर गाडीवाल्यांच्या इंटरनेट फोरमवर लिहिलंस, नवशिक्याला फास्ट कॉर्नर झेपलं नाही. चोर तो चोर, वर शिरजोर. मी मिलिंदला सगळं सांगितलं, पेन्सिलीची रेघसुद्धा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा हात थोपटला. त्याला वाटतं मी त्याची समजूत घालतेय आणि त्या निमित्ताने तुझ्यावरचा जुना राग काढतेय. राग आहेच, पोटभर आहे. म्हणूनच माझ्या तोंडून आलेलं खरंही त्याला खरं वाटत नाही.

काल दुपारी त्याने मला जवळ बोलावलं. उजवं मनगट प्लास्टरमध्ये, त्यामुळे माझ्याकडून एक पत्र लिहून हवं होतं. तुला. मजकूरही त्यानेच सांगितला. यार अवधूत, तू विश्वासाने गाडी दिलीस आणि मी तिची वाट लावली, जमलं तर मला माफ कर. एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्याला हो म्हटलं, घरी आले आणि हे लिहिलं. उद्या तो विचारेल पत्र टाकलंस का, मी टाकलं म्हणेन, आणि मग तो तुझ्या उत्तराची वाट बघत पडून राहील. वॉटफर्डहून इथे यायला तुला गाडीची गरज नाही, ट्रेन आहे. त्याच्या कॉटशेजारी बस आणि तुला काय माहीत होतं ते तुझ्या तोंडाने सांग. त्याने तुझ्याकडे मागितलेली माफी मी तुला पाठवत नाहीये. ती तू येऊन त्याच्याकडे माग.

मिलिंदच्या वतीने नव्हे, माझ्याच वतीने,
नीना