मागचा ब्रेक धरत न्हाई

आबा, काल भोरच्या गॅरेजात तुमच्या पिकअपचे मागचे ब्रेक बदलून घेतले. जुने ड्रम काढून रुंद बसवले, लायनरही नवे. वेल्ह्याहून तांदळाची पोती आता मी आणणार, असं तुमची नात म्हणते; तिला उतारावर भरवसा हवा. मी संस्कृतचा मास्तर, स्टुलावर बसून विद्वानासारखा मान हलवत होतो. तेवढ्यात मेस्त्री गाडीखालून विचारतो, "सर, मागं स्प्रिंगला हा जादा पाटा कुणी घातला?"

मीच घातला होता. एका दिवाळीची माझी भेट. भरली की गाडी मागून बसायची, लोक हसायचे, आणि लाज तुम्हाला नाही, मला वाटायची. पाटा पाहून तुम्ही म्हणाला होतात, "शास्त्रीबुवा, एक आमच्या कमरंत बी घाला की."

मेस्त्रीने मला खाली वाकवून दाखवलं. मागच्या चाकांजवळ एक छोटा दांडा असतो. वजनाने गाडी जितकी खाली बसेल तितका तो सरकतो, आणि मागच्या चाकांना तितका जास्त ब्रेक मिळतो. "तुमच्या पाट्यानं गाडी बसतच न्हवती, सर. पोती भरली तरी तिला वाटायचं आपण रिकामीच हाय. मग मागचा ब्रेक धरंल कसा?"

तो पाटा काढता काढता तो बोलत राहिला, मला मात्र विंझरचा उतार दिसत होता. गाडीचं तोंड बांधात घुसलेलं, पोती रस्त्यावर, तांदूळ सांडलेला. तुम्हाला खरचटलंही नव्हतं. तुम्ही हात झटकत उभे आहात आणि म्हणता आहात, "मागचा ब्रेक धरत न्हाई रं. लई दाबला म्या." तीस वर्षं गृहपाठ न केलेल्यांची कारणं ऐकून माझे कान तसेच झालेले. चार माणसांदेखत मी म्हणालो, "दिसत नसेल तर चालवू नका, आबा. ब्रेकला कशाला बोल लावता?" आणि किल्ली काढून घेतली. तुम्ही वाकून तांदूळ भरू लागलात.

त्या वेळी गॅरेजात फक्त पुढचा पत्रा सरळ करायला सांगितला. ब्रेक मी स्वतः तपासला, घरच्या अंगणात, रिकाम्या गाडीवर. छान लागला. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात, कारणासारखं दिसणारं पण कारण नसलेलं. मी ते शिकवतोसुद्धा.

मग शेवटची दोन वर्षं तुम्ही वेल्ह्याला एसटीने जात राहिलात, ड्रायव्हरच्या मागची जागा धरून, त्याच्या पायाकडे बघत. रोज सकाळी पिकअप धुवायचात. किल्ली एकदाही मागितली नाहीत. मागितली असती तर मी दिली नसतीच, पण निदान भांडण झालं असतं, आणि त्यात कदाचित तुम्ही ब्रेकचं पुन्हा एकदा म्हणाला असतात.

हे पत्र गाडीच्या कागदांत ठेवणार होतो. पण ते कागद आता तुमच्या नातीकडे असतात. काल गॅरेजातून येताना गाडी तीच चालवत होती. विंझरच्या उतारावर तिने विचारलं, "बाबा, आजोबांनी गाडी का सोडली हो?" तासाभरापूर्वीच मेस्त्रीने मला सगळं दाखवलं होतं.

मी म्हणालो, "त्यांना दिसेनासं झालं होतं."