टप कापलेली मोटार

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला गेलं तर भिंतीवरच्या फोटोतलाच डोळ्यांपुढे येतो. आवाज मात्र तसाच आहे. "अमेरिकेची मोटार म्हणे, अन् हे तं नुसतं भंगार हाय," असं म्हणत तुम्ही राजापेठेतल्या आपल्या घरी, पुढच्या खोलीतल्या पक्षकारांच्या बाकावर ते खोकं उपडं केलं होतं. तुमच्या कॉलेजातल्या मित्रानं परदेशातून येताना आणलेलं. वकिलाच्या घरी मुलगाच असणार असं धरून चालले बिचारे. निघाले मी, सोळा वर्षांची, मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारी.

खोक्यात जोडून वीतभर मोटार करायचे प्लास्टिकचे शंभरेक तुकडे आणि एक इंग्रजी कागद. एकाच गाडीच्या दोन तऱ्हा त्यात होत्या. पहिल्या पानावर साधी, कारखान्यातून निघते तशी. दुसऱ्या पानावर हॉट रॉड: जुन्या गाडीचं टप कापून बुटकं करायचं, बॉनेट काढून मोठं इंजिन उघडं ठेवायचं, मागे जाडजूड चाकं लावायची आणि दारांवर आगीच्या ज्वाळा रंगवायच्या. तिकडची तरुण पोरं खऱ्या गाड्यांचंही असंच करतात, असं लिहिलेलं. झाकणावरचं चित्र बघून तुम्ही विचारलंत, "हिचं बॉनेट कोणी चोरून नेलं का?" तेव्हाच मी ठरवलं, आपण साधीच करायची, तुम्हाला पटेल अशी.

निकाल लागला. मला सायन्सला जायचं होतं, पुढे इंजिनिअर व्हायचं होतं. हे मी बोलले तेव्हा आई पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. तुमचं जेवण थांबलं नाही. "यंत्राचं काम पोरीले जमत नाई. आर्ट्सले जाय, दोन वर्षांत लग्न करून देऊ." मी म्हटलं, जमतं. एवढं धाडस कुठून आलं कोण जाणे. मग तुमच्यातला वकील जागा झाला. "बरं. ते भंगार जोडून दाखव. चाकं फिरली पायजेत, अन् एकबी तुकडा उरला नाई पायजे. मंग तुह्या फॉर्मवर सही करतो." फॉर्म भरायला दहा दिवस होते. कागद न वाचता घातलेली अट होती ती. दोन गाड्यांचे तुकडे एका गाडीत बसणार कसे? पण तुमच्याविरुद्ध अपील करायचं कुठे.

त्यात चिकटवायच्या औषधाची नळी वाळून खडा झालेली. मी हिरमुसून बसले, तर तुम्ही अकोल्याच्या कोर्टातली तारीख आटोपून आलात आणि कोटाच्या खिशातून थिनरची बाटली काढून माझ्यापुढे ठेवलीत. तिथला मोटारी रंगवणारा एक जण तुमचा पक्षकार होता, त्याला विचारून आणलेली. "प्लास्टिक यात विरघळून चिकटते म्हणे. आधी एका तुकड्यावर पाहून घे," एवढंच बोललात. मी हरावं असं ज्याला वाटत होतं त्यानंच मला हत्यार आणून द्यावं, याचं मला अजून नवल वाटतं. तुम्ही फार लाड करणारे नव्हता, पण त्या एका बाटलीत माझे सगळे लाड झाले.

चार दिवसांत गाडी उभी राहिली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तो लाल रंग घरात होता, तोच दिला. आणि इथे मी माती खाल्ली. जून लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता, न्हाणीघराच्या टिनावर आईच्या शेवटच्या कुरड्या वाळत होत्या. ओलं असेल ते टिनावर टाकायचं, हेच आपल्याला जन्मापासून माहीत. मी गाडी कुरड्यांच्या शेजारी ठेवली आणि जेवायला बसले. परत येऊन बघते तर टप मधोमध खचलेलं, खांब वाकलेले, गाडी पाणवठ्यावर बसलेल्या म्हशीसारखी. आई म्हणाली, "काहून वं माय, हे का कुरडई होय?" मी इतकी रडले की ती बिचारी हातातलं काम टाकून माझ्याजवळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मात्र मी इरेला पेटले. आता हरून चालणारच नव्हतं. कागद पसरते, दुसरं पान काढते, आणि बघत राहते: टप खचलंय, तर कापायचंच. तिकडची पोरं तरी दुसरं काय करतात? तुमच्या दाढीचं पातं घेऊन खांब अर्ध्यात कापले, टप तापवून सरळ केलं, खाली आणून बसवलं. बॉनेट काढलं, मोठं इंजिन चढवलं, मागे जाडी चाकं. दारांवर पिवळ्या ज्वाळा काढल्या. गाडी अशी काही दिसायला लागली की माझं मलाच हसू आलं. पण सांध्यांना फटी होत्या आणि पाटावर तुकड्यांचा ढीग उरला होता: साधं इंजिन, साधी चाकं, बॉनेट, कापलेले खांब. मग माझं लक्ष तुमच्या बाटलीकडे गेलं. सगळे तुकडे बारीक चिरून काचेच्या बरणीत थिनरमध्ये टाकले. दोन दिवसांत त्याची घट्ट लापशी झाली. ती फटींत भरली, उरलेली गाडीच्या पोटाला आतून लिंपली. या वेळी सावलीत वाळवली, बरं का.

रविवारी सकाळी गाडी तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही बोटानं एकेक चाक फिरवलंत. चारही फिरली.

"हे पयल्या पानावरची नाई."

"दुसऱ्या पानावरची आहे."

"उरलेले तुकडे कुठं हायेत?"

"टपात."

"टपात म्हणजे?"

"विरघळवून भरलेत, बाबा. थोडे पोटाखाली आहेत. थिनर तुम्हीच आणलं होतं."

तुम्ही गाडी उलटी केलीत, नखानं खरवडून पाहिलंत, आणि असे हसलात की बाकावरचा पक्षकार दचकून उभा राहिला. "पोरी, तू वकील काहून होत नाईस?" म्हणालात, आणि फॉर्म मागून घेऊन ठसठशीत सही केलीत. जिंकले होते मी. पुढे पदवी मिळाली, नोकरी मिळाली, वर्कशॉपमधली सगळी पुरुषमंडळी माझा शब्द ऐकायला लागली. पण त्या रविवारची ऐट पुन्हा कधी अंगात आली नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. टप खचलं त्या दुपारी, रडून झाल्यावर, मी तुमचे जुने कागद समोर ठेवून तुमची सही गिरवली. एका दुसऱ्या फॉर्मवर ती केली आणि तो कॉलेजात देऊन आले. खोटी सही खरी करायची तर गाडी पुरी करणं भागच होतं. तुम्ही सही केलेला फॉर्म "मीच नेऊन देते" म्हणत घेतला, तो कुठेच गेला नाही. अजून माझ्या कपाटात आहे. पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. फौजदारी वकील होता तुम्ही. पण खरं सांगू का बाबा, सही माझीच जास्त वळणदार आली होती.